मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर निवडताना: '२५०' या आकड्याची कसोटी

एक मेल सर्व्हर दुसऱ्याला पत्र देतो तेव्हा दोघांचं बोलणं थोडक्यात आटपतं. देणारा आपलं नाव सांगतो, पत्र कुणाकडून आणि कुणासाठी ते सांगतो, मग मजकूर पाठवतो आणि शेवटच्या ओळीवर फक्त एक टिंब ठेवतो. घेणारा उत्तरादाखल एक आकडा पाठवतो: २५०. तो मिळाला की देणारा स्वतःकडची प्रत पुसून टाकतो. त्या क्षणापासून ते पत्र फक्त घेणाऱ्याच्या डिस्कवर असतं. सर्व्हरांच्या या बोलीला एसएमटीपी म्हणतात. इंटरनेटची मानकं आरएफसी या नावाने निघतात, आणि एसएमटीपीचं २००८ सालचं आरएफसी ५३२१ याबाबत अगदी स्पष्ट आहे. २५० म्हटलंत की ते पत्र पोहोचवायची, आणि पोहोचलं नाही तर पाठवणाऱ्याला तसं कळवायची जबाबदारी तुमची.

नवीन माणूस मेल सर्व्हर उभारायला निघतो तेव्हा 'कुठलं सॉफ्टवेअर सोपं?' हा त्याचा पहिला प्रश्न असतो. मी तो जरा बदलून विचारतो: हे सॉफ्टवेअर २५० म्हणण्याआधी काय काय तपासतं, आणि म्हटल्यानंतर पत्र कसं सांभाळतं? गेली बरीच वर्षं मी स्वतःची आणि आसपासच्या काही माणसांची टपाल स्वतःच्या यंत्रांवर सांभाळतो आहे. प्रत्येक निवड शेवटी याच प्रश्नापाशी येते. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत. क्रम पाळा, कारण सॉफ्टवेअर बसवून झाल्यावर पहिल्या दोन पायऱ्यांकडे परत यावं लागलं की फार त्रास होतो.

पहिली पायरी: पूर्ण सर्व्हर खरंच हवा आहे का?

पुष्कळांना फक्त यंत्राकडून येणाऱ्या सूचना हव्या असतात. क्रॉनचं (ठरल्या वेळी आपोआप चालणारं) काम फसलं, डिस्क भरत आली, बॅकअप झाला नाही, एवढं कळलं की पुरे. त्यासाठी पूर्ण मेल सर्व्हर लागत नाही. पत्र पुढच्या सर्व्हरकडे ढकलणारा छोटा प्रोग्राम पुरतो. फ्रीबीएसडी या युनिक्स प्रणालीने २०२३ मध्ये १४.० आवृत्तीत मुळातला सेंडमेल बाजूला ठेवून डीएमए हा छोटा प्रोग्राम आणला तो याच विचाराने.

इथेही एक फरक माहीत हवा. एमएसएमटीपी हा प्रोग्राम सुटसुटीत आहे, पण त्याला स्वतःची रांग, म्हणजे न गेलेली पत्रं थांबवून ठेवायची जागा, नाही. पुढचा सर्व्हर त्या घडीला बंद असेल तर तो चूक झाल्याचं सांगून मोकळा होतो, आणि तुमच्या स्क्रिप्टने ती चूक पाहिली नाही तर पत्र गेलंच. डीएमए आणि नलमेलर पत्र डिस्कवर ठेवतात आणि पुन्हा प्रयत्न करतात. डिस्क मरत असल्याची सूचना ज्या पत्राने येणार आहे, ते रांग असलेल्या प्रोग्रामकडे द्यावं असं माझं ठाम मत आहे.

तुम्हाला स्वतःच्या डोमेनवर पत्रं घ्यायची असतील, पेट्या ठेवायच्या असतील, लोकांना फोनवरून मेल वाचायची असेल, तरच पुढे वाचा.

दुसरी पायरी: जागा तपासा

सॉफ्टवेअर उतरवून घेण्याआधी यंत्र जिथे आहे ती जागा मेलसाठी लायक आहे का ते बघा. तीन गोष्टी बघायच्या.

पहिली म्हणजे २५ क्रमांकाचा पोर्ट. सर्व्हर एकमेकांशी याच पोर्टवर बोलतात. घरगुती जोडण्यांवर तो बहुतेक वेळा बंद असतो आणि भाड्याचे आभासी सर्व्हर देणाऱ्यांपैकीही अनेक जण बाहेर जाणारा २५ अडवून ठेवतात, विनंती केल्यावर उघडतात. मी एका नव्या यंत्रावर पूर्ण दोन दिवस सेटिंगच्या फाइली वर-खाली करत बसलो होतो. पत्रं येत होती, जात मात्र नव्हती, आणि लॉगमध्ये जोडणीची वेळ संपल्याचं तेवढं दिसत होतं. पोर्ट देणाऱ्याकडूनच बंद होता. त्या यंत्रावरून बाहेरच्या कुठल्याही मेल सर्व्हरच्या २५ वर टेलनेट किंवा नेटकॅटने हाक मारून बघितली असती तर अर्ध्या मिनिटात उलगडा झाला असता. तुम्ही हे पहिल्यांदा करा. समोरून २२० ने सुरू होणारी ओळ आली की वाट मोकळी आहे.

दुसरी गोष्ट पीटीआर रेकॉर्ड, म्हणजे आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी उलट नोंद. ती डोमेनच्या मालकाला लावता येत नाही, आयपी ज्याच्या ताब्यात आहे तोच लावतो. आयपीवरून नाव शोधलं आणि त्या नावावरून पुन्हा आयपी शोधला तर तोच पत्ता हाती यायला हवा. हे जुळलं नाही तर मोठे मेलवाले पत्र दारातूनच परत पाठवतात किंवा थेट स्पॅममध्ये टाकतात.

तिसरी गोष्ट पत्त्याची पूर्वपुण्याई. आधीच्या भाडेकरूने त्या आयपीवरून कचरा पाठवला असेल तर त्याचं फळ तुम्हाला भोगावं लागतं. कचरा पाठवणाऱ्या पत्त्यांच्या स्पॅमहाउससारख्या काळ्या याद्यांत पत्ता आहे का ते बघून घ्या. घरगुती वापराचे पत्ते तर काहीही केलेलं नसताना त्यांच्या पीबीएल या यादीत असतात, कारण तिथून थेट मेल येणं अपेक्षितच नाही.

यातलं काही जमत नसेल तरी वाट संपत नाही. पत्रं स्वतः घ्या आणि बाहेर जाणारी पत्रं दुसऱ्या विश्वासू सर्व्हरमार्फत पाठवा. याला स्मार्टहोस्ट म्हणतात आणि पुढे येणारं प्रत्येक सॉफ्टवेअर ते करू शकतं. पेट्या तुमच्याकडे राहतात, दारोदारी जाण्याचं काम दुसरा करतो. नवख्याने सुरुवात अशी केली तर त्यात कमीपणा काहीच नाही.

तिसरी पायरी: एक नाही, तीन-चार प्रोग्राम

'मी पोस्टफिक्स बसवलं, पण फोनवर इनबॉक्स दिसत नाही,' ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की हे आधीच सांगून टाकतो. पोस्टफिक्स, एक्झिम, ओपनएसएमटीपीडी हे पत्र नेण्या-आणण्याचं काम करतात. त्यांना एमटीए म्हणतात. पेटीतली पत्रं फोनला किंवा संगणकाला दाखवण्याचं काम आयमॅप सर्व्हरचं, म्हणजे बहुतेक ठिकाणी डोव्हकॉटचं. कचरा निवडण्यासाठी तिसरा प्रोग्राम. ब्राउझरमधून मेल वाचायची असेल तर चौथा, आणि तो नंतर कधीही लावता येतो, म्हणून सध्या विसरून जा.

पोर्टही त्याच हिशेबाने वाटून घेतलेले आहेत. २५ वर सर्व्हर-सर्व्हर बोलतात आणि तिथे कुणी पासवर्ड मागत नाही. तुमची माणसं पत्र पाठवायला ५८७ किंवा ४६५ वापरतात, तिथे पासवर्ड सक्तीचा. ४६५ वर जोडणी पहिल्यापासून कूटबद्ध असते, आणि २०१८ च्या आरएफसी ८३१४ ने त्यालाच पसंती दिली आहे. वाचण्यासाठी ९९३. तुमच्या लोकांना २५ वरून पाठवायची मुभा देऊ नका. आतले आणि बाहेरचे एकाच दारातून येऊ लागले की नियमांत गोंधळ होतो, आणि त्या गोंधळातूनच ओपन रिले जन्माला येतो, म्हणजे जगातल्या कुणाचंही पत्र कुणालाही पोहोचवणारा सर्व्हर. असा सर्व्हर एका दिवसात काळ्या यादीत जातो.

चौथी पायरी: एमटीए

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. आयमॅप सर्व्हर पुढे बदलला तर त्रास होतो, पण निभावता येतं. एमटीए मात्र एकदा हाताला बसला की वर्षानुवर्षं तोच राहतो.

सेंडमेल हा सगळ्यांचा पूर्वज. एरिक ऑलमन यांनी बर्कलीत लिहिलेला आणि बीएसडीबरोबर १९८० च्या दशकात जगभर पसरलेला. वेगवेगळी जाळी वेगवेगळ्या पद्धतींनी पत्ते लिहीत असतानाच्या काळात तो घडला, म्हणून पत्त्याची कशीही मोडतोड करता येईल अशी नियमांची भाषा त्यात आहे. ती इतकी दुर्बोध आहे की मूळ फाइल हाताने न लिहिता एम४ या मजकूर घडवणाऱ्या साधनाच्या मॅक्रोंतून तयार करतात. एकच मोठा प्रोग्राम, तोही भरपूर अधिकारांनिशी चालणारा. २ नोव्हेंबर १९८८ ला मॉरिस वर्म हा यंत्रांत आपोआप शिरत जाणारा प्रोग्राम पसरला तेव्हा त्याने धरलेल्या वाटांपैकी एक सेंडमेलची उघडी राहिलेली डीबग सोय होती. आजचा सेंडमेल तेव्हासारखा राहिलेला नाही, त्याची देखभाल चालू आहे. तुमच्या हाताखाली आधीपासून चालणारा सेंडमेल असेल तर घाईने उपटू नका. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये.

क्यूमेलबद्दल मला मनापासून आदर आहे. डॅनियल बर्नस्टाइन यांनी १९९० च्या दशकात तो लिहिला आणि मेलचं काम छोट्या-छोट्या, एकमेकांवर विश्वास न ठेवणाऱ्या प्रोग्रामांत कसं वाटावं याचा धडाच घालून दिला. पेट्यांची मेलडिर ही पद्धतही त्याचीच देणगी. पण मूळ १.०३ आवृत्ती १९९८ ची आहे. तिच्यात टीएलएस (जोडणी कूटबद्ध करण्याची सोय) नाही, पासवर्ड घेऊन पत्र पाठवण्याची सोय नाही, जे हवं ते इतरांनी केलेल्या पॅचमधून आणावं लागतं. त्याहून मोठी अडचण आपल्या कसोटीवर दिसते. मूळ क्यूमेल दारात उभ्या असलेल्या पत्राचा पत्तेदार अस्तित्वात आहे की नाही हे बघत नाही. आधी २५० म्हणतो, मग आत जाऊन बघतो, आणि असा माणूस नाही म्हणून परतपत्र धाडतो. स्पॅममधला प्रेषकाचा पत्ता बनावट असतो, त्यामुळे ते परतपत्र भलत्याच निरपराध माणसाच्या पेटीत जाऊन पडतं. याला बॅकस्कॅटर म्हणतात आणि त्यासाठी तुमचा आयपी काळ्या यादीत जाऊ शकतो. नकार द्यायचा तर २५० च्या आधी, दारातच द्यायला हवा.

एक्झिम १९९५ मध्ये केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी लिहायला घेतला. पीसीआरई ही रेग्युलर एक्स्प्रेशनची सर्वत्र वापरली जाणारी लायब्ररी त्यांचीच. पत्र कसं, कुठून, कुणाच्या वाटेने जावं याचे गुंतागुंतीचे नियम लिहायचे असतील तर एक्झिमला तोड नाही. त्याची दोन साधनं मला फार आवडतात. बीटी हा पर्याय आणि एखादा पत्ता दिला की तो पत्ता कुठल्या राउटरमधून (एक्झिमच्या भाषेत वाट ठरवणारा नियम) कुठे जाईल हे पत्र न पाठवता सांगतो. बीएच हा पर्याय आणि एखादा आयपी दिला की 'त्या आयपीवरून कुणी आलं तर मी कसा वागेन' याची रंगीत तालीम करून दाखवतो, कुठला नियम का लागला तेही बोलून दाखवत. शिकणाऱ्यासाठी याहून चांगला गुरू नाही.

त्याची दुसरी बाजूही बघा. एक्झिम एकसंध प्रोग्राम आहे आणि त्याच्या कामाचा बराच भाग रूटच्या, म्हणजे यंत्रावरच्या सर्वोच्च खात्याच्या, अधिकारांशी बांधलेला आहे, त्यामुळे एखादी चूक सापडली की ती मोठी ठरते. जून २०१९ मध्ये ४.८७ ते ४.९१ या आवृत्त्यांतली अशी चूक जाहीर झाली की पत्त्याच्या जागी आज्ञा लिहून रूट म्हणून चालवता येत होती. मे २०२१ मध्ये एकदम २१ त्रुटी जाहीर झाल्या. मधे ४.९४ मध्ये, बाहेरून आलेल्या मजकुराला फाइलच्या नावात थेट वापरायला बंदी आली. सुधारणा योग्यच होती, पण तिने कित्येकांची जुनी सेटिंग मोडली. शिवाय एक्झिमला रांगेचा मध्यवर्ती व्यवस्थापक नाही. तो पत्र लगेच पोहोचवण्यासाठी घडवलेला आहे आणि हजारो पत्रं तुंबली की त्याची दमछाक होते. नियम गुंतागुंतीचे असतील आणि सुधारित आवृत्ती आली त्याच दिवशी बसवायची तयारी असेल, तर एक्झिम घ्या.

ओपनएसएमटीपीडी ओपनबीएसडीच्या मंडळींचा. त्याची सेटिंगची फाइल वाचताना वाक्यं वाचल्यासारखं वाटतं: अमुक ठिकाणी ऐक, अमुक कृती म्हणजे पेटीत टाकणं, अमुक डोमेनसाठी आलेल्या पत्रावर ती कृती कर. एका डोमेनचा, चार माणसांचा सर्व्हर दहा-पंधरा ओळींत उभा राहतो. ओळी कमी, म्हणून चुका लपायला जागाही कमी. जानेवारी २०२० मध्ये त्यातही प्रेषकाच्या पत्त्यातून रूटच्या आज्ञा चालवता येण्याची चूक सापडली, तेव्हा साधेपणा म्हणजे अभेद्यपणा असं समजू नका. दुसरं म्हणजे २०१८ मध्ये ६.४ ला फाइलची भाषा बदलली, त्यामुळे इंटरनेटवरचे जुने नमुने उतरवून घेतले तर चालत नाहीत. ओपनबीएसडी वापरत असाल तर मी डोळे झाकून हाच सुचवीन. इतर युनिक्सवरही छोट्या कामाला छान आहे, पण अडलात तर मदत करणारी माणसं पोस्टफिक्सच्या मानाने कमी भेटतील.

आता पोस्टफिक्स. टीसीपी रॅपर हा जोडण्या गाळणारा प्रोग्राम लिहिणाऱ्या वीत्से व्हेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन केंद्रात तो लिहिला आणि डिसेंबर १९९८ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. क्यूमेलसारखाच छोट्या प्रोग्रामांचा संच. दाराशी बोलणारा वेगळा, पत्र साफ करून रांगेत लावणारा वेगळा, रांग सांभाळणारा वेगळा, बाहेर नेणारा वेगळा. इंटरनेटला तोंड देणाऱ्या भागाकडे जवळजवळ कसलेच अधिकार नसतात. नवख्याला मी पोस्टफिक्सच सुचवतो, आणि त्याची कारणं आपल्या कसोटीतच आहेत.

पत्र रांगेच्या फाइलमध्ये लिहून, ते खरोखर डिस्कवर उतरलं याची कर्नलकडून खात्री करून घेतल्यावरच तो २५० म्हणतो. त्याच सेकंदाला वीज गेली तरी यंत्र उठल्यावर पत्र रांगेत असतं. म्हणून रांगेची निर्देशिका मेमरीत राहणाऱ्या फाइलसिस्टमवर हलवण्याचा सल्ला कुणी वेगासाठी दिला तर तो मानू नका. डिस्कवर जागा कमी पडू लागली, म्हणजे पत्राच्या कमाल आकाराच्या दीडपटीहून कमी उरली, की पोस्टफिक्स तात्पुरता नकार देतो, आणि समोरचा सर्व्हर पत्र स्वतःकडे ठेवून नंतर परत येतो. बाहेर न गेलेल्या पत्रासाठी तो मुळातल्या सेटिंगनुसार पाच दिवस प्रयत्न करत राहतो. आणि २.१० पासून रिलेचे नियम स्पॅमच्या नियमांपासून वेगळे केले आहेत. स्पॅम अडवण्याच्या यादीत तुमच्या हातून एखादी ओळ चुकली तरी सर्व्हर ओपन रिले होत नाही. माणसाचा हात कुठे चुकतो हे जाणून केलेली ही मांडणी आहे.

लॉगमधली एक ओळ

निवड करण्याआधी प्रत्येक एमटीएचा लॉग एकदा वाचून बघा. काहीतरी अडेल तेव्हा तुमच्यासमोर तोच असणार आहे. पोस्टफिक्समध्ये प्रत्येक पत्राला रांगेचा क्रमांक मिळतो. तो क्रमांक ग्रेप या शोधणाऱ्या प्रोग्रामला दिला की त्या पत्राचा सारा प्रवास चार-पाच ओळींत दिसतो: कुठल्या आयपीवरून आलं, संदेश-क्रमांक काय, प्रेषक कोण, आकार किती, कुणाकडे पाठवलं, समोरच्याने कोणत्या शब्दांत उत्तर दिलं, आणि रांगेतून काढलं.

पाठवल्याच्या ओळीत 'डिलेज' या शब्दापुढे तिरक्या रेघांनी तोडलेले चार आकडे असतात. एकदा माझी सगळी पत्रं अर्धा मिनिट उशिराने जाऊ लागली. ते चार आकडे असे होते: ०.०५, ०.०१, ३०.३, ०.४. पहिला आकडा पत्र आत येऊन रांगेच्या व्यवस्थापकापर्यंत पोहोचायला लागलेल्या वेळेचा, दुसरा व्यवस्थापकाकडे थांबल्याचा, तिसरा समोरच्याशी जोडणी जुळवण्याचा, चौथा मजकूर पाठवण्याचा. तिसरा तीसवर गेला म्हणजे माझ्याकडे रांग तुंबलेली नाही, समोरचाही सुस्त नाही, जोडणी जुळतानाच काहीतरी अडतं आहे. पोस्टफिक्स जोडणीसाठी मुळात ३० सेकंद वाट बघतो, त्यामुळे तीसच्या जवळ चिकटलेला आकडा पाहिला की पहिली जोडणी मेली आणि दुसरी लागली हे ओळखता येतं. तसंच निघालं. यंत्राला आयपीव्ही६ चा (नव्या, लांब पद्धतीचा) पत्ता होता, पण बाहेरची वाट तुटलेली होती. प्रत्येक पत्र आधी तिथे धडकत होतं आणि मग आयपीव्ही४ ने जात होतं. एका आकड्याने रोग सांगितला. असा लॉग देणाऱ्या सॉफ्टवेअरला मी झुकतं माप देतो ते यासाठी.

एक्झिमचा लॉगही वाचनीय आहे, चिन्हं तेवढी पाठ करावी लागतात: डावीकडे वळलेला बाण म्हणजे पत्र आलं, उजवीकडचा म्हणजे गेलं, दोन बरोबरची चिन्हं म्हणजे तूर्त थांबलं, दोन तारे म्हणजे पोहोचवता आलं नाही.

पाचवी पायरी: पेट्या कुठे आणि कशा

आयमॅपसाठी निवड सोपी आहे: डोव्हकॉट घ्या. तिमो सिराइनेन यांनी २००२ मध्ये पहिली आवृत्ती काढली आणि आज छोट्या-मोठ्या बहुतेक ठिकाणी तोच दिसतो. कार्नेगी मेलन विद्यापीठात जन्मलेला सायरस भक्कम आहे, जेमॅप ही आयमॅपला पर्याय असलेली नवी बोलीही बोलतो, पण पेट्या त्याच्या स्वतःच्या पद्धतीने ठेवतो. पहिल्या सर्व्हरला तो जड पडेल.

डोव्हकॉट बसवताना आवृत्ती बघा. २०२५ च्या सुरुवातीला आलेल्या २.४ ची सेटिंगची भाषा २.३ शी जुळत नाही. शोधून मिळणारे बहुतेक नमुने २.३ चे आहेत, ते २.४ ला दिले तर तो सुरूच होणार नाही.

पेट्यांचा साचा मेलडिर ठेवा. जुन्या एमबॉक्समध्ये सगळी पत्रं एका लांबलचक फाइलमध्ये एकापाठोपाठ असतात. लिहिताना कुलूप लावावं लागतं, आणि नेमक्या त्या वेळी बॅकअप चालू झाला तर अर्धवट प्रत हाती येते. मेलडिरमध्ये एक पत्र म्हणजे एक फाइल. पत्र आधी 'टीएमपी' निर्देशिकेत पूर्ण लिहिलं जातं, मग 'न्यू'मध्ये सरकवलं जातं, मेल वाचणाऱ्या प्रोग्रामच्या नजरेस पडलं की 'कर'मध्ये (cur) जातं. सरकवण्याची क्रिया अखंड असते: पत्र एक तर पूर्ण आहे, नाहीतर नाहीच. आरसिंकने घेतलेला बॅकअप आपोआप शहाणा होतो, आणि एखादं पत्र परत आणायचं म्हणजे एक फाइल परत आणायची. फाइलींची संख्या मात्र लाखांत जाते, म्हणून फाइलसिस्टम बनवताना आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद) पुरेसे ठेवा. डोव्हकॉटचा स्वतःचा डीबॉक्स साचा वेगवान आहे, पण त्यात पत्र वाचलं की नाही यासारख्या खुणा इंडेक्सच्या फाइलींत असतात. त्या गेल्या तर खुणा गेल्या. पहिल्या सर्व्हरला मी तो सुचवत नाही.

पोस्टफिक्सकडून डोव्हकॉटकडे पत्र एलएमटीपीने (पेटीत पत्र देण्याची एसएमटीपीसारखीच बोली) द्या, आणि पासवर्ड तपासायचं कामही पोस्टफिक्सला डोव्हकॉटकडूनच करून घेऊ द्या. माणसांची यादी एकाच ठिकाणी राहते, आणि पत्रं आपोआप वेगवेगळ्या कप्प्यांत लावणारे सीव्हचे नियमही मिळतात.

सहावी पायरी: कचरा

आरस्पॅमडी किंवा स्पॅमअसॅसिन. दोन्ही चालतात. नव्या सर्व्हरसाठी मी आरस्पॅमडी घेतो, कारण तो वेगवान आहे आणि डीकेआयएमची सही, डीमार्कची तपासणी (दोन्ही आठव्या पायरीत), ग्रेलिस्टिंग म्हणजे अनोळखी पत्राला आधी तात्पुरता नकार देणं, हे सगळं एकाच जागी करतो. त्याला जोडीला रेडिस हा माहिती साठवणारा प्रोग्राम लागतो. महत्त्वाचं हे की तो मिल्टर (एमटीएला आतून जोडलेली गाळणी) म्हणून जोडा, म्हणजे मजकूर येऊन झाल्यावर पण २५० म्हणण्याआधी त्याचा निकाल मिळतो. तेव्हा दिलेला नकार खऱ्या प्रेषकापर्यंत पोहोचतो, आणि बनावट पत्त्यावर तुमचं परतपत्र जात नाही.

पोस्टफिक्ससोबत पोस्टस्क्रीन मिळतो, तोही लावून ठेवा. तो आलेल्याला स्वागताची ओळ अर्धवट दाखवून काही सेकंद थांबतो. खरा मेल सर्व्हर शिष्टाचार पाळून पूर्ण ओळीची वाट बघतो. स्पॅम ओतणारे प्रोग्राम घाईत असतात, आपली पाळी येण्याआधीच बोलायला लागतात आणि तिथेच ओळखू येतात.

सातवी पायरी: तयार संच घ्यावा का?

मेलकाऊ, मेल-इन-अ-बॉक्स, आयरेडमेल, मेलू असे तयार संच आहेत. वेळ कमी असेल तर ते घ्यायला माझी हरकत नाही. त्यांच्या आत बहुधा पोस्टफिक्स आणि डोव्हकॉटच असतात. त्यामुळे वर सांगितलेलं वाया जात नाही, अडल्यावर वाचायचे लॉगही तेच. मेल-इन-अ-बॉक्स अख्खं यंत्र आपल्या ताब्यात घेतो, डोमेनच्या नोंदी सांगणारं डीएनएससुद्धा. त्या यंत्रावर दुसरं काही चालवायचं असेल तर तो नको. मेलकाऊ डॉकरवर चालतो आणि मेमरी बरीच मागतो.

स्टॉलवर्ट, मॉक्स, मॅडी ही नवी पिढी आहे. पहिला रस्टमध्ये, बाकीचे दोन गोमध्ये लिहिलेले. एकाच प्रोग्रामात एसएमटीपी, आयमॅप, सह्या, सगळं. मांडणी खूप सुटसुटीत आहे आणि मी त्यांच्याकडे आशेने बघतो. दुय्यम डोमेनवर जरूर चालवून बघा. ज्या पेटीत बँकेची, सरकारी कामाची पत्रं येतात ती मात्र मी अजून पोस्टफिक्सकडेच ठेवली आहे, कारण त्याच्या चुका गेल्या पंचवीसहून अधिक वर्षांत पुष्कळ लोकांनी शोधून झाल्या आहेत.

आठवी पायरी: डीएनएसच्या नोंदी

एसपीएफने सांगायचं की तुमच्या डोमेनची पत्रं कुठल्या आयपीवरून निघतात. डीकेआयएमने प्रत्येक पत्रावर सही करायची. डीमार्कने सांगायचं की दोन्ही जुळलं नाही तर समोरच्याने काय करावं. सुरुवातीला डीमार्कचं धोरण 'काही करू नका, फक्त कळवा' असं ठेवा, अहवाल वाचा, मग कडक करा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल सर्वच पाठवणाऱ्यांकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम मागतं, आणि दिवसाला ५,००० हून अधिक पत्रं पाठवणाऱ्यांकडून तिन्ही. तुम्ही त्या आकड्याच्या जवळपास नसलात तरी तिन्ही लावा.

नववी पायरी: एमएक्स बदलण्याआधी

डोमेनची पत्रं कुठल्या सर्व्हरकडे जावीत हे सांगणारी डीएनएसची नोंद म्हणजे एमएक्स. ती बदलून जगाची पत्रं तुमच्याकडे वळवण्यापूर्वी चार दिवस हातात ठेवा. पोस्टफिक्समध्ये 'सॉफ्ट बाउन्स' हे सेटिंग चालू करा. त्याने कायमचे नकार तात्पुरते होतात. तुमच्या चुकीमुळे पत्र अडलं तर समोरचा ते फेकून देत नाही, नंतर परत येतो. सगळं नीट चाललं की ते आठवणीने बंद करा, नाहीतर खरोखर चुकीच्या पत्त्यांवरची पत्रंही दिवसेंदिवस घिरट्या घालत राहतील.

मग बाहेरच्या एखाद्या यंत्रावरून २५ वर हाताने बोला. प्रेषक परका, पत्तेदारही परका, असं पत्र द्या. रिले नाकारल्याचं ५५४ किंवा ४५४ यायला हवं. २५० आलं तर सर्व्हर तिथल्या तिथे बंद करा आणि कारण सापडेपर्यंत उघडू नका. अस्तित्वात नसलेल्या पेटीसाठी पत्र द्या. नकार दारातच मिळायला हवा.

शेवटची चाचणी मी प्रत्येक नव्या सर्व्हरवर करतो. तुमच्याच दुसऱ्या एखाद्या यंत्रावर, जिथला मेल सर्व्हर मुद्दाम बंद ठेवला आहे, तिथे जाणारं एक पत्र नव्या सर्व्हरला द्या. तो २५० म्हणाला की लगेच, त्याच क्षणी, यंत्राची वीज तोडा. आभासी यंत्र असेल तर सक्तीने बंद करा, सभ्यपणे नको. पुन्हा चालू करा आणि पोस्टक्यू म्हणून रांग बघा. ते पत्र तिथे, त्याच क्रमांकाने दिसलं पाहिजे. आता दुसऱ्या यंत्रावरचा सर्व्हर सुरू करा आणि लॉग उघडून बसा. काही मिनिटांत पुढचा प्रयत्न होईल, समोरून २५० येईल आणि रांग रिकामी होईल. ती रिकामी झालेली बघितल्यावर एमएक्स बदला.